मोहनगेकरांचं मेडल

कोटाचं वरचं बटण लागेना, म्हणून हे हनुवटी वर करून माझ्यापुढं उभे राहिले. पलटणीतून पेन्शनीत निघताना शिवलेला कोट तो, आता पोटावर ताणत होता. मी बटण लावलं आणि डाव्या छातीवरची रंगीत पट्टी बोटानं सरळ केली. लढाईत गेलेल्या शिपायाला आधी अशी रंगीत फीत लावायची परवानगी मिळते आणि मग त्या रंगाचं मेडल येतं. ह्यांना फीत लावून तीस वर्षं होऊन गेली होती. मेडल आलं नव्हतं.

बेळगावात पलटणीच्या बाजूला दुकानं आहेत. तिथं हुबेहूब मेडलं विकत मिळतात. आमच्या भागातल्या कितीतरी पेन्शनर लोकांनी ती आणून लावली होती, पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला सगळे तीच लावून यायचे. ह्यांना कुणी सुचवलं की एकच उत्तर असायचं, “दुकानातलं लावायला मी काय बँडवाला हाय?”

खरं तर हे काही मोठ्या पराक्रमाचं मेडल नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत हा माणूस होता, एवढंच ते सांगतं. मी एकदा चिडून म्हटलं होतं, एवढ्यासाठी किती अर्ज करणार? तर म्हणाले, “मी हुतो, एवढं त्यांनी म्हणावं. जास्त काय मागतोय?”

आणि त्या दिवसाच्या आठवडाभर आधी निरोप आला होता. आमच्या गावात सुभेदार दळवी म्हणून ह्यांच्यापेक्षा थोडे मोठे पेन्शनर होते. त्यांच्या घरी फोन होता. ते चपला न घालताच आमच्या दारात आले. तुमच्या गावच्या शिपाई मोहनगेकरांचं एकाहत्तरचं मेडल आलंय, रविवारी जिल्ह्याला कार्यक्रम आहे, बाईंना घेऊन या, असा फोन आला होता. हे गोठ्यात होते. ऐकून तसेच म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग दळवींना म्हणाले, “सुभेदार, परत एकदा सांगा.”

गावाला कळायला वेळ लागला नाही. सरपंच स्वतः घरी येऊन गेले. हलगी सांगितली, फ्लेक्स करायला टाकला, शाळेतली मुलं वेशीवर उभी करायचं ठरलं. हे नको नको म्हणत होते, पण फ्लेक्ससाठी कुठला फोटो द्यायचा याच्यावर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

एस्टीत आम्हाला जागा मिळाली. मी बसले, ते बसले नाहीत. कोटाला चुण्या पडतील म्हणून दांडीला धरून उभेच राहिले. कंडक्टरनं विचारलं, लग्नाला का काय? तर हसून म्हणाले, “तसंच समजा.” पुढं घाट लागला तरी त्यांचं हसू काही गेलं नाही. इतकी वर्षं मी त्या माणसाबरोबर राहिले, पण तसा चेहरा मी आधी बघितला नव्हता.

मैदानावर मोठा मांडव होता. खुर्च्यांचे दोन भाग केले होते आणि तोंडाशी टेबल टाकून एक तरुण हवालदार नावं बघत होता. हे त्याच्यापुढं ताठ उभे राहिले. नाव सांगितलं, बाळकू मोहनगेकर. त्यानं कागदावर बोट फिरवलं, परत फिरवलं.

“मोहनगेकर आहेत,” तो म्हणाला, “पण सुबराव मोहनगेकर. शहीद.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “मावशी, तुम्ही सगुणाबाई का? वीरपत्नी?”

ह्यांच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

सुबराव हे ह्यांचे थोरले भाऊ. आणि माझे पहिले मालक. माझं लग्न त्यांच्याशी झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. लग्नाला म्हणून त्यांनी रजा काढली होती आणि ती संपल्यावर गेले, एवढाच आमचा संसार. विडी ओढताना ते एक डोळा मिटायचे, तेवढं मला आठवतं. बाकीचा चेहरा मी भिंतीवरच्या फोटोतून घेतलेला. दोघं भाऊ वेगवेगळ्या पलटणींत, वेगवेगळ्या आघाड्यांवर होते. लढाई संपली. धाकटा आला, थोरला आला नाही. वर्षश्राद्ध झालं, आणि सासूबाई आणि माझे वडील सोप्यात बसून बोलले. घरातली सून घरातच राहील, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. ह्यांनाही विचारलं नसावं. रजेवर आले तेव्हा अंगाला हळद लागली. नंतर कितीतरी दिवस चुकून त्यांच्या तोंडून मला ‘वैनी’ यायचं आणि मग ते उठून बाहेर जायचे. पुढं आमचा संसार झाला. दोन लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली. गावात जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं, पण बोलण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

हवालदाराला ह्यांनी शांतपणे विचारलं, “बाळकू मोहनगेकर? त्याचं न्हाई आलेलं?”

“काका, आत्ताच्या खेपेला शहिदांची आलीत. हयात असलेल्यांची पुढच्या खेपेला.”

“कवा?”

“ते वरून ठरतं.”

हे ‘बरं’ म्हणाले. एवढंच. त्यांचा हात छातीवरच्या पट्टीकडं गेला आणि खाली आला.

हवालदार माझ्या कपाळाकडं बघत होता. मी सणाला लावते तसं ठसठशीत कुंकू लावलं होतं. गळ्यात मंगळसूत्राचा सर होता, हातात भरून हिरवा चुडा होता. मी सांगायला तोंड उघडलं, “अहो, हे माझे...” तर त्यानं हात वर करून मला थांबवलं. मुलगा वाईट नव्हता. इकडंतिकडं बघून तो हलक्या आवाजात बोलला. म्हणाला, मावशी, काही सांगायच्या आधी माझं ऐका. आमच्या नोंदीत तुम्ही शहिदाच्या विधवा पत्नी आहात. पुढं लग्न झालंय असं माझ्या कानावर आलं तर मला ते लिहावं लागेल. लिहिलं की हे मेडल आज देता येणार नाही. वर परत जाईल, चौकशी होईल. नियम नक्की काय आहे ते मला सांगता येत नाही, कदाचित काहीच अडचण नसेल. पण परत जाईल हे खरं.

“परत गेलं तर किती दिवसांनी येईल?” ह्यांनी विचारलं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. नुसता ह्यांच्या कोटावरच्या पट्टीकडं बघत राहिला. ह्यांनाही उत्तर नकोच होतं. परत जाणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग त्यानं पेन उचललं आणि विचारलं, “आता सांगा. आपण मावशींचे कोण?”

मांडवात स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली होती. मागं लोक खोळंबले होते. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

“मी दीर,” ते म्हणाले.

हवालदारानं लिहून घेतलं. मान वर न करता म्हणाला, मावशी, तेवढं कपाळाचं बघा. वर मंत्री आहेत, फोटो निघणार आहेत. कुणीतरी विचारलं तर मी पण अडचणीत येईन.

मांडवाच्या मागं पाण्याचा टँकर उभा होता. आम्ही तिकडं गेलो. मी म्हटलं, चला, घरी जाऊ. मला नको हे. तर म्हणाले, “दादाचं हाय. आपल्याला नको म्हणता येत न्हाई.” आणि हात पुढं केला, “सर काढ. माझ्याकडं दे.”

मी मंगळसूत्र काढून त्यांच्या हातात दिलं. बांगड्या उतरवायला लागले तर चुडा घट्ट होता, निघेना. त्यांनीच टँकरच्या तोटीखाली माझा हात धरला आणि एकेक करून काढल्या. एक बांगडी तडकली आणि त्यांच्या अंगठ्यात काच गेली. त्यांनी अंगठा तोंडात धरला. मी पदर भिजवून कपाळाला लावला, तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडं पाठ केली. मी पुसून होईपर्यंत ते तसेच दुसरीकडं तोंड करून उभे होते.

वीरपत्नींच्या खुर्च्या पुढं होत्या. मी जाऊन बसले. माझ्या शेजारी आजऱ्याकडच्या एक बाई होत्या, तानूबाई नावाच्या. माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या, कपाळावर गोंदण. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि माझ्या भुवयांच्या मधोमध घासलं.

“राहिलं हुतं जरा,” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी मागं वळून बघितलं. हे मागच्या कनातीच्या खांबाला टेकून उभे होते, कारण पाहुण्यांच्या खुर्च्या भरल्या होत्या आणि पेन्शनरांच्या खुर्च्यांवर बसायला ते गेले नव्हते. तानूबाईंनी विचारलं, “त्यो कोटवाला तुझा कोण?”

सकाळपासून खरं असं मी त्या एकाच बाईला सांगितलं. म्हटलं, “मालक.”

त्यांनी ह्यांच्याकडं परत एकदा बघितलं. मग म्हणाल्या, “माझ्या दिरालाबी घरच्यांनी ह्येच सांगितलं हुतं, वैनीसंगं लगीन कर म्हणून. त्यो मुंबैला पळून गेला. परत आलाच न्हाई.” आणि माझा हात आपल्या हातात घेऊन बसल्या. माझं मनगट ओलंच होतं.

नावं पुकारायला लागली. प्रत्येक बाई हळूहळू पायऱ्या चढायची, नमस्कार करायची, मेडलची डबी घेऊन उतरायची. एका म्हातारीला दोघांनी धरून वर नेलं, तिला कशासाठी आणलंय हे तिला कळत नव्हतं, ती मंत्र्यांच्याच पाया पडायला लागली. टाळ्या पडत होत्या. मी मनात म्हणत होते, आपलं नाव राहून जावं. कागद खाली पडावा, काहीतरी व्हावं.

“शहीद शिपाई सुबराव मोहनगेकर. त्यांच्या वीरपत्नी, श्रीमती सगुणाबाई.”

मी उठले. वर एक मोठे साहेब डबी घेऊन उभे होते. केस पिकलेले, आवाज मऊ. प्रत्येकीला ते दोन शब्द विचारत होते. माझ्याकडं वाकून त्यांनी विचारलं, “आपल्या पतीचं नाव?” डबी चुकीच्या हातात जाऊ नये म्हणून विचारत असतील. पुढं माइक होता, त्यात ते गेलं.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी समोर बघितलं. शेवटी, कनातीपाशी, हे सावधान उभे होते. टाचा जुळवलेल्या, छाती काढलेली, दोन्ही मुठी मांड्यांना लावलेल्या. डाव्या मुठीत माझा सर होता, काळे मणी बाहेर लोंबताना मला तिथून दिसत होते. मी सुबरावांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आला नाही. समोरचाच चेहरा दिसत राहिला.

“सुबराव,” मी म्हटलं.

स्पीकरमधून ते नाव सगळ्या मांडवात गेलं. साहेबांनी डबी माझ्या हातात दिली, मला नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे हलले नाहीत.

एस्टी स्टँडवर त्यांनी मला मंगळसूत्र परत दिलं. मी ते गळ्यात घातलं. बांगड्या रुमालात बांधलेल्या होत्या, त्या चढवल्या. कुंकवाचा करंडा काही मी बरोबर आणला नव्हता. ते म्हणाले, इकत घेऊ या. स्टँडबाहेर दोन दुकानांत विचारलं, टिकल्या होत्या, कुंकू नव्हतं. तेवढ्यात गाडी लागली.

ह्या वेळी ते बसले. कोटाचं बटण त्यांनी काढून टाकलं होतं. डबी त्यांच्या मांडीवर होती. अर्ध्या वाटेत त्यांनी ती उघडली. आत गोल मेडल आणि त्याला रंगीत फीत, ह्यांच्या छातीवरच्या पट्टीवर होते तेच रंग. दोघं एकाच लढाईत होते, मेडल एकच. फरक एवढाच की मेडलाच्या कडेला बारीक अक्षरांत नाव कोरलेलं असतं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाला धरलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यातून मघाचं रक्त परत आलं होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

“उतरल्या उतरल्या सांगून टाकतो,” ते म्हणाले. “ह्ये दादाचं हाय म्हणून. लोकास्नी दादाबी आठवायला पायजे.”

“आणि कुणाच्या हातात दिलं म्हणून विचारलं तर?”

त्यांनी डबी मिटली. “बघतो,” म्हणाले.

वेशीवर अख्खं गाव होतं. गाडीचं दार उघडायच्या आधीच हलगी सुरू झाली. चिंचेच्या झाडाला फ्लेक्स बांधला होता, त्यावर ह्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘वीर जवान बाळकू मोहनगेकर यांचे हार्दिक स्वागत’. शाळेतली मुलं दोन रांगांत कागदाचे झेंडे घेऊन उभी होती. सरपंचांची बायको आरती घेऊन पुढं आली. तिनं ह्यांना टिळा लावला, मग माझ्या कपाळाकडं बघून ‘अगोबाई’ म्हणाली आणि मला कुंकू लावलं. लोकांना वाटलं, घामानं गेलं असेल.

ह्यांनी हात वर केला. त्यांना बोलायचं होतं. गाव ह्यांना नाना म्हणायचं. हलगीवाल्यांना वाटलं, नाना खूश झाले, आणखी वाजवा म्हणतात. त्यांनी आणखी जोर केला. ह्यांचे ओठ हलताना मला दिसले. ‘ह्ये दादाचं हाय’, एवढंच ते म्हणत होते, दोनदा, तीनदा. मी अगदी जवळ होते, तरी आवाज आला नाही. सरपंच हसत मान हलवत होते, ऐकल्यासारखं. त्यांनी ह्यांच्या हातातली डबी घेतली, उघडली, मेडल सगळ्यांना वर धरून दाखवलं आणि ह्यांच्या कोटाच्या डाव्या बाजूला, पट्टीखाली टाचलं. लोकांनी गुलाल उधळला. तालुक्याहून बोलावलेला फोटोवाला पुढं येऊन वाकला.

तेव्हा ह्यांनी पिन काढली. त्याला जरा वेळ लागला. मेडल डावीकडून काढून त्यांनी उजव्या छातीवर लावलं.

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. लोकांनाही नाही. पण सुभेदार दळवी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होते, त्यांचे हात थांबले. स्वतः मिळवलेलं मेडल डावीकडं लावतात. घरच्या गेलेल्या माणसाचं असेल तर ते उजवीकडं. पलटणीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. दळवींनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हलगीवाल्यांच्या अंगावर धावून जाऊन ‘थांबवा रे’ म्हणायला लागले. कोण ऐकतंय?

सरपंच मोठ्यानं हसले. “नाना, आनंदात इसरला काय? ह्या बाजूला लावत्यात,” असं म्हणून त्यांनी ते उजवीकडून काढलं आणि परत डावीकडं टाचलं. आता पडू नये म्हणून पिन नीट दाबून बसवली. मग ह्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटोवाल्याकडं तोंड केलं.

ह्यांचा हात अर्ध्यापर्यंत वर गेला होता. तो तिथंच थांबला. मग त्यांनी तो खाली सोडला, आणि फोटो निघाला.

दिवे लागल्यावर दळवी आमच्या घरी आले. जेवण झालेलं नव्हतं, चूलही पेटवलेली नव्हती. दळवींना सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “बाळकू, मी उद्या पंचायतीत उभा राहून सांगतो. तू बोलू नकोस. मी सांगतो.”

“काय सांगणार सुभेदार?” हे म्हणाले. “माझं आलं न्हाई, दादाचं आलं, इथपर्यंत ठीक हाय. फुडं काय सांगणार? हिला मुंडावळ्या बांधून आणली, आणि तिथं उभा राहून मी दीर म्हणालो, ह्ये सांगणार?”

दळवींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चहा टाकू का म्हटलं, तर नको म्हणाले. जाताना त्यांनी भिंतीवरच्या सुबरावांच्या फोटोपुढं क्षणभर टाचा जुळवल्या आणि गेले. मेडल मी त्या फोटोखालच्या खुंटीला अडकवलं. ह्यांनी त्या रात्री पट्टी कोटावरून उसवली. ती कुठं ठेवली, ते मी विचारलं नाही. पुढं झेंड्याला ते पांढऱ्या सदऱ्यावरच जायला लागले.

अर्ज करणंही त्यांनी थांबवलं. दळवी दुसऱ्या वर्षी वारले. फ्लेक्स उन्हानं विटून फाटला. फोटो मात्र मोठा करून पंचायतीत लावला, तो अजून आहे. डाव्या छातीवर मेडल, अंगावर गुलाल, खांद्यावर सरपंचांचा हात.

त्यानंतर कधीतरी, भुईमूग काढून अंगणात पडला होता आणि आम्ही दोघं शेंगा तोडत बसलो होतो, तेव्हा एक जीप दारात येऊन थांबली. त्यातून पलटणीचे दोघं उतरले. नेहमीसारखा फोन कुणाकडं करायचा ते त्यांना कळलं नसावं, दळवी तर नव्हतेच. त्यांनी विचारलं, “शिपाई बाळकू मोहनगेकर इथंच राहतात का?”

“काय काम हुतं?” ह्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

त्यांच्यातला मोठा होता तो हसून म्हणाला, चांगलंच काम आहे. हयात असलेल्यांची एकाहत्तरची मेडलं आली आहेत. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, त्यांना न्यायला गाडी पाठवू. ते कुठं आहेत?

माझ्या हातातला वेल तसाच राहिला. ह्यांनी एक शेंग तोडली, बुट्टीत टाकली.

“त्यांचं मिळालं,” ते म्हणाले.

“मिळालं? आमच्याकडं तसं नाही.”

“मिळालं की. गावानं मिरवणूक काढली. पंचायतीत फोटो हाय, बघा जावा.”

“अहो,” मी म्हटलं. फक्त एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“पाणी दे त्यास्नी,” ते म्हणाले. “लांबनं आल्यात.”

मी पाणी दिलं. दोघं पाणी पिऊन पंचायतीकडं गेले. तिथं त्यांनी फोटो बघितला, सरपंचांनी त्या दिवसाचं वर्णन करून सांगितलं, कशी हलगी होती, किती माणूस होतं, आणि त्यांनी कागदावर ‘मिळालं’ असं लिहून घेतलं. मग जीप आमच्या दारावरून परत गेली. फोटोतला माणूस त्यांनी ओळखला असावा, त्या मोठ्यानं खिडकीतून हात वर करून ह्यांना राम राम केला. ह्यांनीही हात वर केला, आणि जीप वळणाआड गेली तशी दुसऱ्या वेलाला हात घातला.